टर्मिनलात मराठी रकाने विसकटतात: दोष लोकेलचा, टर्मिनलचा की फाँटचा?

पोथीशाळा यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाची ग्रंथसूची मी साध्या मजकूर फायलीत ठेवतो. एका ओळीत एक पुस्तक, आणि दाखल क्रमांक, प्रकाशनस्थळ, लेखक व शीर्षक ही माहिती टॅबने विभागलेली, अशी तिची रचना आहे. डेटाबेस उभारावा एवढा हा पसारा नाही आणि ऑक, ग्रेप व सॉर्ट या आज्ञांवर काम उत्तम भागते, त्यामुळे पद्धतच बदलण्याचा सल्ला कृपया देऊ नये. घरच्या संगणकावर डेबियन लिनक्स आहे. त्याच फायलींची एक प्रत भाड्याच्या सर्व्हरवर असते आणि तेथे मी एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्रात प्रवेश करण्याच्या सोयीने, जातो.

सर्व्हरवर प्रवेश करताच बॅश शेल अशी सूचना देते की मागितलेले लोकेल, म्हणजे भाषा व संकेतन यांची मांडणी, लावता येत नाही. त्यानंतर फायलींची यादी मागवली, तर मराठी नावांच्या जागी तिरक्या रेघा आणि ३४०, २४४ असे आकडे पुन्हा पुन्हा दिसतात. घरच्या संगणकावर हीच नावे नीट दिसतात. मात्र तेथे दुसरीच अडचण आहे: प्रकाशनस्थळाचा रकाना वीस घरांचा (एक घर म्हणजे एका इंग्रजी अक्षराची जागा) ठेवून यादी छापली, तर पुढचा रकाना प्रत्येक ओळीत वेगळ्या ठिकाणी सुरू होतो. ‘पुणे’ असलेली ओळ एकीकडे जाते आणि ‘सातारा’ असलेली दुसरीकडे. इंग्रजी नावांच्या ओळी मात्र शिस्तीत उभ्या राहतात.

याखेरीज मी दोन टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडक्या, वापरून पाहिली. त्यांपैकी एकात पहिली वेलांटी अक्षराला न चिकटता ठिपक्यांच्या वर्तुळावर बसते आणि ‘धर्म’ या शब्दातील रफार म-वर न चढता पाय मोडलेला र म्हणून शेजारी उभा राहतो. दुसऱ्यात अक्षरे बरी दिसतात, पण व्हिम संपादकात कर्सर अक्षराच्या मागे, म्हणजे डावीकडे राहतो आणि ओळ जितकी लांब तितका तो अधिक मागे पडतो. शेवटची गोष्ट म्हणजे ‘दऱ्या’ हा शब्द शोधला असता काही नोंदी सापडतात आणि काही सापडत नाहीत, वास्तविक पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारख्याच दिसतात.

घरी मी मराठीचे, म्हणजे एमआर-आयएन हे लोकेल लावलेले आहे. हे सर्व एका जागी दुरुस्त करता येईल अशी एखादी मांडणी आहे काय?

बाइटभर

पोथीशाळा, अशी एक जागा नाही, कारण आपण सांगितलेल्या तक्रारी वेगवेगळ्या थरांतील आहेत. बाइटांचे अक्षरचिन्हांत रूपांतर करणे हा एक थर, प्रत्येक चिन्हाने पडद्यावरची किती घरे व्यापायची हे ठरवणे हा दुसरा, आणि त्या घरांत आकृती काढणे हा तिसरा. लोकेलचा अधिकार मुख्यतः पहिल्या थरावर चालतो, दुसऱ्यावर थोडासा चालतो आणि तिसऱ्यावर जवळजवळ नाही. मी पहिल्या थरापुरते सांगतो. रुंदीविषयी माझ्यापेक्षा अधिक जाणणारे सदस्य येथे आहेत.

यूनिकोडमध्ये देवनागरीचा गट यू+०९०० ते यू+०९७एफ असा आहे, आणि यूटीएफ-८ संकेतनात त्यातील प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे होते. म हे अक्षर सोळाच्या पटीत लिहिल्यास ई०, ए४, एई आणि आठच्या पटीत लिहिल्यास ३४०, २४४, २५६ असे येते. आपल्याला सर्व्हरवर दिसणारे आकडे म्हणजे हेच बाइट आहेत. तेथे कोणतेही यूटीएफ-८ लोकेल लागलेले नसल्यामुळे यादी दाखवणारी आज्ञा मूळ ‘सी’ लोकेलवर घसरते. त्या लोकेलात १२७ च्या वरचा बाइट छापण्याजोगा समजला जात नाही, म्हणून तो आकड्यात सांगितला जातो. फायलींच्या नावांना काहीही झालेले नाही, त्यामुळे घाबरून नावे बदलत बसू नये.

लोकेल न लागण्याचे कारण असे. एसएसएच आपल्या घरच्या यंत्रावरील लँग आणि एलसी या गटातील चले सर्व्हरकडे पाठवते, आणि डेबियनच्या नेहमीच्या मांडणीत सर्व्हर ती स्वीकारतो. घरून एमआर-आयएन असे नाव जाते, पण सर्व्हरवर ते लोकेल तयारच केलेले नसते, म्हणून बॅश तक्रार करते. उपाय दोन आहेत. सर्व्हरवर आपल्याला प्रशासकाचा अधिकार असेल, तर लोकेल-जेन या फायलीतील मराठीची ओळ उघडी करून लोकेल तयार करून घ्यावे. त्या फायलीत मराठीची ओळ ‘एमआर-आयएन’ हे नाव, मध्ये मोकळी जागा आणि मग ‘यूटीएफ-८’ अशी असते. अमेरिकी इंग्रजीप्रमाणे नावालाच टिंब देऊन यूटीएफ-८ जोडलेले नसते, आणि म्हणून अनेकांना शोधूनही ती ओळ सापडत नाही. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर हेच काम ग्लिबसीचे, म्हणजे लिनक्सवरील पायाभूत सी लायब्ररीचे, मराठी भाषासंच हे पॅकेज बसवून होते.

अधिकार नसेल, तर सर्व्हरवरील आपल्या प्रोफाइल फायलीत लँग या चलाला ‘सी-यूटीएफ-८’ हे मूल्य द्यावे. हे लोकेल डेबियनमध्ये फार पूर्वीपासून आहे आणि मूळ ग्लिबसीत ते २०२२ च्या २.३५ या आवृत्तीपासून आले. मराठी मजकूर वाचण्या-दाखवण्यासाठी मराठीचेच लोकेल लागते हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. प्रत्यक्षात बाइटांवरून चिन्ह ओळखण्याचे काम सर्व यूटीएफ-८ लोकेलांत सारखेच होते. मराठीचे लोकेल लागते ते महिन्यांची नावे, वर्णानुक्रम आणि आज्ञांचे भाषांतरित संदेश यांसाठी. मी स्वतः लँगला भारतीय इंग्रजीचे मूल्य देतो, कारण त्रुटीचे संदेश इंग्रजीत असले की त्यांच्यावर उत्तरे शोधणे सोपे जाते, आणि तारखांसाठी तेवढे एलसी-टाइम मराठीचे ठेवतो.

अग्रक्रमही ध्यानात ठेवावा: एलसी-ऑल सर्वांवर मात करते, त्याखाली एलसी-सीटाइप, एलसी-टाइम अशी एकेक चले येतात आणि लँग सर्वांत शेवटी. म्हणूनच एलसी-ऑल कायमचे लावून ठेवणे अयोग्य ठरते. एखाद्या आज्ञेपुरते ते लावावे. आपले सहकारी मॅकवरून त्याच सर्व्हरवर येत असतील, तर त्यांच्याकडून कधीकधी एलसी-सीटाइपचे मूल्य नुसते ‘यूटीएफ-८’ एवढेच येते. लिनक्सवर असे कोणतेही लोकेल नसल्यामुळे तेथेही हीच सूचना झळकते.

आणखी एक चल या थरात येते, पण लोकेलमध्ये नाही. टर्मिनलची ओळ जेव्हा कर्नलच्या ताब्यात असते, उदाहरणार्थ कॅट आज्ञा नुसती चालवून त्यात टंकलेखन करताना, तेव्हा मागे खोडण्याची कळ एक बाइट खोडते की पूर्ण चिन्ह, हे एसटीटीवाय आज्ञेतील आययूटीएफ८ या खुणेवर ठरते. ती बंद असेल, तर मराठी अक्षराचे एक तृतीयांश खोडले जाते आणि फायलीत कचरा उरतो. ओपनएसएसएच ही खूण ७.३ आवृत्तीपासून पलीकडे पोचवते.

मोकळाकंस

रुंदीचा थर मी घेतो, कारण पोथीशाळांचे खरे दुखणे तेथे आहे.

टर्मिनलचा पडदा हा समान घरांचा तक्ता असतो. १९७८ च्या व्हीटी१०० पासून ८० घरे आणि २४ ओळी हा साचा चालत आला, आणि आजची टर्मिनल त्याच यंत्राची नक्कल करतात. त्यात कार्यक्रम आणि टर्मिनल हे दोघे स्वतंत्रपणे मोजणी करत असतात: मी इतकी चिन्हे पाठवली म्हणजे कर्सर आता अमुक घरात असेल, असे कार्यक्रम गृहीत धरतो, आणि आलेल्या चिन्हांना स्वतःच्या कोष्टकानुसार घरे देऊन टर्मिनल कर्सर हलवते. या दोघांमध्ये रुंदीविषयी एक शब्दही बोलला जात नाही. इंग्रजीत एक चिन्ह म्हणजे एक घर, त्यामुळे हे मौन खपून जाते. देवनागरीत ते खपत नाही.

यूनिकोडने देवनागरीतील जोडचिन्हांचे दोन वर्ग केले आहेत. उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्ताचे चिन्ह ही अक्षराच्या वर वा खाली बसतात, म्हणून त्यांना जागा न घेणारी म्हटले आहे. काना, दोन्ही वेलांट्या, काना-मात्रा आणि विसर्ग ही अक्षराच्या बाजूला बसतात, म्हणून ती जागा घेणारी. ग्लिबसीचे डब्ल्यूसीविड्थ हे फलन पहिल्या वर्गाला शून्य घरे देते आणि दुसऱ्याला एक. या हिशेबाने ‘पुणे’ हा शब्द चार कोडपॉइंटांचा (म्हणजे यूनिकोडमधील सुट्या चिन्हांचा) आणि बारा बाइटांचा असूनही दोनच घरे घेतो, तर ‘सातारा’ सहा कोडपॉइंटांचा, अठरा बाइटांचा आणि पूर्ण सहा घरांचा ठरतो, कारण त्यातील तिन्ही काने एकेक घर मागतात.

आता आपला वीस घरांचा रकाना घ्या. डेबियनच्या मूळ मांडणीत येणारा ऑक म्हणजे मॉक, आणि तो बाइट मोजतो. ‘पुणे’चे बारा बाइट धरून तो आठ मोकळ्या जागा जोडतो, म्हणजे पडद्यावर एकूण दहा घरे भरतात, ‘सातारा’ला तो दोनच जागा जोडतो आणि आठ घरे भरतात. बॅशमधील प्रिंटएफचा हिशेबही बाइटांचाच असतो. त्याऐवजी गॉक बसवला, तर तो यूटीएफ-८ लोकेलात कोडपॉइंट मोजतो. मग ‘पुणे’ची अठरा घरे होतात आणि ‘सातारा’ची वीस, म्हणजे प्रकरण बरेच सुधारते, पण सुटत नाही. यूटिल-लिनक्समधील कॉलम ही आज्ञा मात्र डब्ल्यूसीविड्थ विचारून जागा भरते. टर्मिनलचे कोष्टक ग्लिबसीशी जुळत असेल, तर तिने दिलेले रकाने सरळ येतात, आणि आपल्या यादीपुरता कदाचित तेवढा उपाय पुरेल.

टर्मिनलचे कोष्टक जुळते की नाही, हे त्यालाच विचारता येते. ओळीच्या सुरुवातीपासून शब्द छापून लगेच कर्सरचा ठावठिकाणा विचारणारा संकेत पाठवावा. तो एस्केप, उघडा चौकटी कंस, ६ आणि धाकटा एन असा आहे. टर्मिनल ओळ आणि घर यांचे आकडे परत पाठवते. ‘सातारा’नंतर कर्सर सातव्या घरात असेल, तर टर्मिनल कान्यांना घरे देते; चौथ्या घरात असेल, तर ते पूर्ण अक्षर एकाच घरात बसवते. दुसऱ्या बाजूची मोजणी डब्ल्यूसी आज्ञेकडून मिळते: धाकटा सी हा पर्याय दिल्यास बाइट, एम दिल्यास कोडपॉइंट आणि थोरला एल दिल्यास सर्वांत लांब ओळीची रुंदी.

व्हिममधील कर्सरचे कोडेही येथेच सुटते. व्हिम ग्लिबसीला न विचारता स्वतःचे कोष्टक वापरतो, आणि त्यात काना व वेलांट्या धरून बहुतेक सगळी देवनागरी जोडचिन्हे मूळ अक्षराच्याच घरात मोडतात. त्याच्या लेखी ‘सातारा’ तीन घरांचा शब्द आहे. टर्मिनलने त्याला सहा घरे दिली, की मजकूर पुढे सरकतो आणि व्हिम कर्सर आपल्या हिशेबाने मागेच ठेवतो. प्रत्येक कान्याला एक घर याप्रमाणे हा फरक साठत जातो, म्हणून लांब ओळीत तो अधिक दिसतो. येथे व्हिम चुकीचा किंवा टर्मिनल चुकीचे असा निवाडा करण्यात अर्थ नाही. दोघांपैकी कोणीही एकट्याने बरोबर असून भागत नाही.

यावर माझा तोडगा असा की मोकळ्या जागा मोजून भरण्याचे काम कार्यक्रमाने करूच नये आणि रकाना कोठे सुरू करायचा ते टर्मिनललाच सांगावे. आपल्या फायलीत टॅब आहेतच. टॅब्ज ही आज्ञा वापरून टॅबचे थांबे आठ-आठ घरांऐवजी आपल्याला हवे तेथे लावता येतात, आणि टॅब आला की टर्मिनल स्वतःच्या मोजणीनुसार पुढच्या थांब्यावर उडी घेते. दुसरा मार्ग म्हणजे ऑकमधून प्रत्येक रकान्यापूर्वी ‘अमुक घरात जा’ हा संकेत छापणे, म्हणजे एस्केप, चौकटी कंस, घराचा क्रमांक आणि थोरला जी. काने किती आणि उकार किती याची चौकशी मग कोणीच करत नाही. अट एवढीच की आधीचा मजकूर थांब्याच्या पलीकडे गेलेला नसावा, आणि हे संकेत फायलीत साठवायचे नसून फक्त पडद्यावर पाठवायचे आहेत. शीर्षकासारखा लांबीचा भरवसा नसलेला रकाना शेवटी ठेवावा. तो आपण ठेवलेलाच आहे.

जुनाजाणता

मोकळाकंस यांचे विवेचन पटले, पण समान घरांचा तक्ता हा काही निसर्गनियम नव्हे, एवढे नोंदवावेसे वाटते. एमएलटर्म या टर्मिनलात घरांची रुंदी बदलती ठेवण्याची सोय पुष्कळ वर्षांपासून आहे आणि ते इस्की संकेतनही समजते. आजच्या वाचकांना इस्की आठवत नसेल. भारतीय मानक ब्यूरोचे ते १९९१ चे मानक, आणि त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एका बाइटात मावत असे. पुण्याच्या सीडॅकचे जिस्ट कार्ड संगणकात बसवले, की डॉसमधील साध्या मजकुराच्या कार्यक्रमांतही मराठी दिसू लागे. यूनिकोडच्या देवनागरी गटाची मांडणीही इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे, त्यामुळे वेलांटी उच्चाराच्या क्रमाने अक्षरानंतर साठवायची आणि आकृती काढताना ती आधी दाखवायची, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

पोथीशाळांना दिसणारे ठिपक्यांचे वर्तुळ त्याच प्रकारातून येते. ज्या टर्मिनलात वेलांटीला स्वतंत्र घर मिळते आणि प्रत्येक घराची आकृती वेगळी काढली जाते, तेथे आकृती जुळवणाऱ्या हार्फबझसारख्या लायब्ररीकडे वेलांटी एकटीच पोचते. तिला आधाराला अक्षर नाही असे पाहून ती लायब्ररी वर्तुळ जोडते. रफाराचेही तसेच: र आणि हलन्त एका घरात, म पुढच्या घरात, आणि दोघांची गाठच न पडल्यामुळे रफार घडत नाही. अलाक्रिटीमध्ये अशी जुळणी मुळातच नाही. एक्सटर्मही जोडचिन्हे अक्षरावर ठेवण्यापलीकडे जात नाही. कॉन्सोल हे केडीईचे टर्मिनल शेजारच्या घरांचा मजकूर एकत्र जुळवते, म्हणून तेथे शब्द पुष्कळसे वाचनीय येतात. विंडो प्रणालीशिवाय चालणाऱ्या लिनक्सच्या नुसत्या कन्सोलवर तर मराठीची अपेक्षाच करू नये, कारण त्याच्या फाँटला ५१२ आकृत्यांची मर्यादा आहे.

पोथीशाळा

सर्वांचे आभार. सर्व्हरवर सी-यूटीएफ-८ लावताच नावे नीट दिसू लागली. टॅबचे थांबे लावल्यावर घरच्या यादीचे रकानेही सरळ झाले. कर्सरचा ठावठिकाणा विचारून पाहिला तेव्हा माझ्या दोन टर्मिनलांनी ‘सातारा’साठी दोन निरनिराळी उत्तरे दिली, हे पाहून मौज वाटली.

दोन शंका उरतात. सर्व्हरवर मी टीमक्समध्ये, म्हणजे एकाच टर्मिनलात अनेक सत्रे चालवणाऱ्या कार्यक्रमात, काम करतो, आणि तेथे कधीकधी मराठीच्या जागी नुसत्या अधोरेषा येतात. तसेच ‘दऱ्या’चा उलगडा अद्याप झालेला नाही.

दर्याकाठ

‘दऱ्या’विषयी लिहितो. हा मराठीचा खास प्रश्न आहे, आणि हिंदीसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात त्याचे उत्तर सहसा मिळत नाही.

या शब्दातील अर्ध्या र-ची आडवी आकृती यूनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारांनी लिहिता येते. पहिला प्रकार म्हणजे ऱ, हलन्त आणि य. यातील ऱ हे यू+०९३१ असे स्वतंत्र चिन्ह आहे आणि इन्स्क्रिप्ट कळफलकावर ते शिफ्टसह जे दाबून मिळते. दुसरा प्रकार म्हणजे साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त आणि य. यूनिकोडच्या नियमाने र आणि नुक्ता ही जोडी ऱ-शी समतुल्य मानली जाते. मॅकवरील जुनी एचएफएस-प्लस फायलव्यवस्था फायलींची नावे अशा विघटित रूपात साठवत असे, त्यामुळे तेथून आलेल्या नावांत हा प्रकार आढळतो. तिसरा प्रकार म्हणजे साधा र, हलन्त, त्यानंतर यू+२००डी हे अदृश्य जोडणीचिन्ह आणि मग य. काही कळफलक आणि जुन्या फाँटांतून यूनिकोडात आणणारी साधने हाच प्रकार देतात. पडद्यावर तिन्ही एकसारखे दिसतात, पण ग्रेप बाइट जुळवते, त्यामुळे तिला ते तीन वेगळे शब्द वाटतात.

पहिले दोन प्रकार एकत्र आणण्यासाठी आयसीयू या यूनिकोड लायब्ररीसोबत येणारी यूकॉन्व्ह ही आज्ञा वापरून फायलीचे एनएफसी सामान्यीकरण करावे, म्हणजे समतुल्य रूपे एकाच रूपात येतात. त्याने तिसरा प्रकार बदलत नाही, कारण तो समतुल्य मानलेलाच नाही. त्यासाठी सेड या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेने र, हलन्त आणि जोडणीचिन्ह हा क्रम शोधून त्याजागी ऱ आणि हलन्त घालावे लागते. ‘तऱ्हा’, ‘वाऱ्या’, ‘सुऱ्या’ या शब्दांना हे सरसकट लागू पडते. ‘सूर्य’, ‘आचार्य’ यांत मुळात जोडणीचिन्ह नसते, त्यामुळे रफाराला धक्का लागत नाही. नवी नोंद घेतानाच हे करून टाकणारी दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवावी, म्हणजे शोधताना तीन-तीन प्रकार आठवावे लागत नाहीत.

जाता जाता वर्णानुक्रमाकडेही लक्ष वेधतो, कारण सी-यूटीएफ-८ लावल्याचा परिणाम तेथे दिसेल. त्या लोकेलात सॉर्ट कोडपॉइंटांच्या क्रमाने लावते. देवनागरी गट बराचसा वर्णमालेनुसारच मांडलेला असल्यामुळे यादी प्रथमदर्शनी बरोबर वाटते, पण ळ हे अक्षर ह-नंतर न येता ल आणि व यांच्यामध्ये येते, आणि ॲ हे चिन्ह यू+०९७२ वर असल्यामुळे ‘ॲ’ने सुरू होणारी लेखकांची नावे थेट यादीच्या तळाशी जातात. वाचकांसाठी यादी छापताना त्या आज्ञेपुरते एलसी-कोलेट मराठीचे द्यावे. याउलट दोन फायली जॉइन किंवा कॉम आज्ञेने जुळवायच्या असतील, तर दोन्हीकडे सी हेच लोकेल ठेवावे, कारण एका यंत्रावर एका क्रमाने लावलेली फाईल दुसऱ्या यंत्रावरील आज्ञेला अस्ताव्यस्त वाटते. ग्लिबसीच्या २०१८ मधील २.२८ या आवृत्तीत क्रमाचे मूळ कोष्टकच बदलले, तेव्हा पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्या अनेकांना मजकुरावरील अनुक्रमणिका पुन्हा बांधाव्या लागल्या होत्या.

बाइटभर

दर्याकाठ यांनी लोकेलचा विषय काढलाच आहे, तर एक सौम्य दुरुस्ती माझ्या पहिल्या उत्तराला जोडतो. तिसऱ्या थरावर लोकेलची सत्ता ‘जवळजवळ नाही’ असे मी म्हटले होते, त्यातील ‘जवळजवळ’ला कारण आहे. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत, आणि राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठी वळणे प्रमाण ठरवली. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फाँटांत दोन्ही वळणे असतात आणि भाषा मराठी असल्याचे कळले, तर मराठी वळण निवडले जाते. पँगो ही मजकूर मांडणारी लायब्ररी वापरणाऱ्या टर्मिनलांत ही भाषा एलसी-सीटाइपवरून कळते. मात्र ते मूल्य टर्मिनल सुरू होण्यापूर्वी लागलेले असावे लागते. टर्मिनलाच्या आत चालणाऱ्या शेलमध्ये ते बदलून टर्मिनलाच्या स्वतःच्या मांडणीवर काहीच परिणाम होत नाही.

मोकळाकंस

टीमक्सचे उत्तर देतो. टीमक्स हे दोन बाजूंना तोंड असलेले टर्मिनलच आहे: आतल्या कार्यक्रमांसाठी ते स्वतःचा घरांचा तक्ता बाळगते आणि बाहेरच्या खऱ्या टर्मिनलाकडे त्या तक्त्याचे चित्र पाठवते. जोडणी करताना बाहेरच्या बाजूला यूटीएफ-८ चालते की नाही हे ते एलसी-ऑल, एलसी-सीटाइप आणि लँग यांच्या मूल्यांत ‘यूटीएफ-८’ ही अक्षरे आहेत का यावरून ओळखते. ती नसतील, तर इंग्रजीबाहेरील चिन्हांच्या जागी अधोरेषा पाठवते. आपण नुसते ‘एमआर-आयएन’ असे नाव लावले असल्यास, ते लोकेल यूटीएफ-८ असूनही नावात तसे लिहिलेले नसल्यामुळे ही ओळख हुकू शकते. नावापुढे टिंब देऊन यूटीएफ-८ जोडावे, ग्लिबसीला तेही नाव चालते. किंवा टीमक्स धाकटा यू हा पर्याय देऊन सुरू करावे. सर्व्हरवर आता सी-यूटीएफ-८ लागले असल्याने नव्याने जोडणी केल्यावर अधोरेषा जायला हव्यात.

रुंदीच्या बाबतीत मात्र टीमक्समुळे मोजणी करणारा तिसरा पक्ष तयार होतो. टॅबचे थांबे टीमक्सच्या तक्त्यानुसार पाळले जातात. बाहेरच्या टर्मिनलाचा हिशेब त्याहून वेगळा असेल, तर पडद्याचा एखादा भाग पुन्हा रंगवताना जुन्या अक्षरांचे अवशेष उरतात. अशा वेळी तीन कोष्टकांपैकी दोन तरी जुळावीत एवढे पाहावे. आपल्या दोन टर्मिनलांपैकी ज्याने ‘सातारा’नंतर सातवे घर सांगितले, ते टीमक्सबरोबर वापरून पाहावे, डेबियनवरील टीमक्स बहुधा त्याच हिशेबाने चालते. ज्याने चौथे घर सांगितले, ते व्हिमसाठी ठेवावे.

कार्यक्रम आणि टर्मिनल यांच्यातील मौन मोडण्याचे प्रयत्नही चालू आहेत. २०२७ या क्रमांकाची एक खूण काही टर्मिनलांनी स्वीकारली आहे. कार्यक्रमाने ती लावली, की टर्मिनल सुटे कोडपॉइंट न मोजता यूनिकोडच्या नियमांनुसार पूर्ण अक्षरसमूह मोजते. कॉन्टूर, फूट, वेझटर्म आणि घोस्टी ही त्यांपैकी काही. विंडोज टर्मिनलानेही १.२२ पासून समूहांची मोजणी सुरू केली आहे. किटीने २०२५ मध्ये याहून निराळी वाट धरली: या मजकुराला इतकी घरे द्यावीत, असे कार्यक्रमानेच संकेतातून सांगायचे. मला ही वाट अधिक प्रामाणिक वाटते, कारण तीत कोष्टके जुळण्याची गरजच उरत नाही. मात्र आपले नेहमीचे ऑक आणि सॉर्ट तो संकेत आपणहून पाठवणार नाहीत.

अक्षरसमूहांची व्याख्याही स्थिर नव्हती. २०२३ च्या यूनिकोड १५.१ पर्यंत नियम हलन्तानंतर समूह तोडत, त्यामुळे ‘स्त्री’ तीन समूहांचा होई. त्या आवृत्तीपासून देवनागरीसह काही भारतीय लिप्यांत जोडाक्षर अखंड धरले जाते आणि ‘स्त्री’ एकच समूह होतो. साहजिकच जुन्या नियमांवर बांधलेले टर्मिनल आणि नव्या नियमांवरचे टर्मिनल दोघेही ‘समूह मोजतो’ असेच सांगतात आणि तरीही आकडे वेगळे देतात. शिवाय ‘स्त्री’ एका घरात कोंबली, तर मोजणी जुळते पण अक्षर वाचवत नाही. मोठ्या आकाराचा फाँट घेतला, तरच ते सुसह्य होते. पोथीशाळांनी आपल्या यादीतील सर्वांत अवघड जोडाक्षरांचे दहा-बारा शब्द एका फायलीत काढून ठेवावेत आणि टर्मिनल बदलण्यापूर्वी कर्सरचा ठावठिकाणा विचारणारी चाचणी त्या फायलीवर चालवून पाहावी. ‘कार्त्स्न्य’ हा शब्द त्यात अवश्य घ्यावा.